महिन्याला सत्तर तास उडणारी वैमानिक दमते कशाने?

प्रश्न परभणीच्या एका निवृत्त शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: मुलगी मुंबईत एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. सुट्टीला घरी आली की निम्मी सुट्टी झोपून काढते, कोणी बोलावलं तर चिडते. महिन्याचं उड्डाण सत्तर तासांच्या आसपास. नातेवाईक म्हणतात, एवढं काम तर आम्ही दहा दिवसांत करतो, हिला पगार लाखांत आणि वर थकवा. मध्यंतरी तिने एकदा ‘थकलेय, आज उडणार नाही’ असं कंपनीला कळवलं. त्याने नोकरीवर परिणाम होईल का? रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, सारखा बदलतो, तो कोण बदलतं? आणि चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर, ९३ साली झालेला अपघात अशाच थकव्यातून झाला होता का?

सर, शेवटचं आधी घेतो, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. नाही. २६ एप्रिल १९९३ ला इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीवरून उशिरा उचललं गेलं आणि बाहेरच्या बीड रस्त्यावरच्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. विमान उचलण्यातला उशीर आणि चुकीची पद्धत, शिवाय त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखणं, ही कारणं चौकशीत आली. आपल्याकडे विमान म्हटलं की तो ट्रक अजून आठवतो, ते साहजिक आहे, पण तुमच्या लेकीच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

आता मूळ मुद्दा. मी वैमानिक नाही. वैमानिकांचे रोस्टर लावणाऱ्या आणि रात्री-अपरात्री ते मोडून पुन्हा जुळवणाऱ्या खात्यात, क्रू शेड्युलिंग आणि क्रू कंट्रोलमध्ये, माझी सगळी नोकरी झाली. मूळचा अंबाजोगाईचा, आता संभाजीनगरात असतो. त्यामुळे तुमच्या नातेवाइकांचा प्रश्न मला नवा नाही. माझ्या घरीही तोच विचारला जायचा.

सत्तर तास हा आकडा लॉगबुकातला आहे. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: विमान जागेवरून हललं तिथपासून पुढच्या विमानतळावर चाकांना अटकाव लागला तिथपर्यंत. बाकी काहीही त्यात धरत नाहीत. एक साधा दिवस घ्या. सकाळी ६ चं मुंबई-संभाजीनगर विमान. रिपोर्टिंग ५ ला. कंपनीची गाडी पावणेचारला दारात, म्हणजे ३ चा गजर. संभाजीनगरला जाऊन परत मुंबई, तिथे विमान बदलायचं, मग हैदराबाद आणि पुन्हा मुंबई. पावणेदोनच्या सुमारास शेवटचं लँडिंग. कागदपत्रं, गाडी, ट्रॅफिक धरून घरी सव्वातीन. लॉगबुकात पडले सव्वापाच तास. घराबाहेर गेले साडेअकरा. आणि या साडेअकरा तासांत चार वेळा टेकऑफ, चार वेळा लँडिंग, चार वेळा हवामान, इंधन, धावपट्टीची माहिती वाचून ठरवायचं. खरा भार त्या चार लँडिंगांचा असतो. सरळ उडत असताना काम त्या मानाने हलकं.

पण अजून झोपेचा हिशोब राहिलाच. ३ ला उठायचं तर सात तास झोपायला रात्री ८ ला पडायला हवं. पडून बघा. नेहमी ११ ला झोपणाऱ्या माणसाला संध्याकाळी ८ ते १० या वेळात झोप येणं सगळ्यात अवघड असतं, शरीर त्या वेळी आपणहून जागं राहतं. म्हणजे ती १०, साडेदहापर्यंत कूस बदलत राहणार आणि साडेचार तासांच्या झोपेवर चार लँडिंग करणार. असे तीन दिवस लागोपाठ आले की चौथ्या दिवशी काय होतं ते तुम्ही घरी पाहताच आहात.

सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामातली तत्परता, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असं १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात मोजलं होतं. गंमत बघा, ड्युटीआधी वैमानिकाचा श्वास मशीनमध्ये तपासतात, दारूचा अंश सापडला तर त्या दिवशी उड्डाण नाही. झोपेची अशी मशीन नाही. तिथे माणसाच्या सांगण्यावरच भरवसा.

तुमच्याकडे शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीचा आठवडा आला की मध्यरात्री बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणारा माणूस दिवसा बांधावर बसल्या बसल्या पेंगतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. वैमानिकाच्या रोस्टरमध्ये हा बदल आठवड्याने नाही, दोन-तीन दिवसांनी येतो. सोमवारी पहाट, मंगळवारी पहाट, बुधवारी दुपार, शुक्रवारी रात्र. शरीराचं घड्याळ दिवसाला फार तर तासभर सरकतं. रोस्टर एका दिवसात आठ तास सरकतो. पहाटे २ ते ६ हा तर शरीराचा सगळ्यात खालचा काळ. त्या वेळी तापमान उतरलेलं, प्रतिक्रिया मंद. नियमांतही या चार तासांची वेगळी नोंद आहे.

हा काळ किती वाईट असतो याचं आपल्या देशातलं उदाहरण मंगळूरचं. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पहाटे धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ जण मृत्युमुखी पडले. कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगवर कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता, दीड तासाहून जास्त वेळ. उतरायच्या थोडं आधी तो जागा झाला. गाढ झोपेतून उठल्यावर काही मिनिटं डोकं चालत नाही, ती गुंगी चौकशी अहवालात कारणांमध्ये आली. विमान फार उंचीवरून उतरत होतं, फर्स्ट ऑफिसर ‘गो अराउंड’ म्हणजे फिरून परत या असं सांगत होता आणि कॅप्टन ऐकत नव्हता. दमलेला माणूस नवा निर्णय घेत नाही, जे चाललंय तेच रेटत राहतो. मला स्वतःला थकव्याचं हे लक्षण पेंगण्यापेक्षा जास्त घातक वाटतं. पेंग दिसते तरी. हट्ट दिसत नाही.

आता नियम. आपल्याकडे उड्डाण आणि ड्युटीच्या मर्यादा डीजीसीए, म्हणजे केंद्र सरकारचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवतं, या सगळ्याला मिळून आम्ही एफडीटीएल म्हणतो. वर्षाला उड्डाण १००० तासांपेक्षा जास्त नाही, सात दिवसांत ३५ तासांपेक्षा जास्त नाही. दोन ड्युट्यांमध्ये किमान १२ तास विश्रांती, आणि आधीची ड्युटी १२ तासांहून मोठी असेल तर तेवढी. जानेवारी २०२४ मध्ये हे नियम कडक झाले. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, आणि त्यात दोन रात्री आल्याच पाहिजेत. ‘रात्र’ आधी पहाटे ५ ला संपायची, ती ६ पर्यंत नेली. रात्रीच्या ड्युटीत आधी सहा लँडिंग चालायची, ती दोनवर आणली. रात्रीची ड्युटी दहा तासांत संपवायची आणि अशा ड्युट्या लागोपाठ दोनच. कंपन्यांनी वेळ मागितला, मामला दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि शेवटी अंमल दोन टप्प्यांत झाला: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं धडाधड रद्द झाली, ५ तारखेला एका दिवसात हजाराच्या वर, ते याच दुसऱ्या टप्प्यानंतर. लोकांनी विमानतळांवर वैमानिकांना शिव्या घातल्या, जणू ते घरी पाय पसरून बसले होते. माझं मत स्पष्ट आहे. नियम जवळपास दोन वर्षं आधी जाहीर झाला होता. वैमानिक भरती केला आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवला असं होत नाही. त्या प्रकारच्या विमानाचं रेटिंग (ते उडवण्याची पात्रता), सिम्युलेटर, मग प्रशिक्षक कॅप्टनसोबत प्रत्यक्ष उड्डाणं, यात महिने जातात. हिवाळ्याचं वेळापत्रक वाढवायचं आणि माणसं तेवढीच ठेवायची, तर गणित कुठेतरी फुटणारच. ते फुटल्यावर डीजीसीएने रात्रीच्या काही अटी त्या कंपनीपुरत्या १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सैल केल्या. प्रवाशांची अडचण खरी होती. पण सैल काय झालं, तर झोप.

आणि नियमात बसलेला रोस्टर म्हणजे झेपणारा रोस्टर नव्हे. हे मी रोस्टर लावणारा माणूस म्हणून सांगतो. समजा, रात्रीची ड्युटी सकाळी साडेसहाला संपली. १२ तास विश्रांती म्हणजे संध्याकाळी साडेसहाला पुन्हा रिपोर्टिंग, कागदावर चोख. माणूस हॉटेलात पोचून, आंघोळ करून साडेआठला पडला. बाहेर ऊन, कॉरिडॉरमध्ये व्हॅक्युम क्लीनर, आणि बारा-साडेबाराला शरीराचं घड्याळ उठवतं. झोप झाली चार तास. मग दुपारभर नुसता पडून. रात्रीच्या १२ तासांत सात तास झोप मिळते, दिवसाच्या १२ तासांत चार. नियम दोन्हीला विश्रांतीच म्हणतो.

रोस्टर कोण बदलतं, हे विचारलंत. सुरुवातीला सॉफ्टवेअर लावतं. वेळापत्रकातल्या फेऱ्या जोडून जोडून एका क्रूने करायच्या कामाचे तुकडे बनवतात, त्याला पेअरिंग म्हणतात. ती पेअरिंग मग माणसांना वाटली जातात. सॉफ्टवेअरला सांगितलेलं असतं की कमीत कमी क्रूमध्ये, कमीत कमी हॉटेल-खर्चात बसव. ते मर्यादेच्या काठापर्यंत भरत जातं, त्याला दोष देऊन उपयोग नाही. आता थकव्याचा अंदाज देणारी गणितंही त्यात घालता येतात. घातली तर फरक पडतो, आणि क्रूही जास्त लागतो.

मग महिना सुरू होतो आणि तो छान आखलेला रोस्टर मोडायला लागतो. जुलैत मुंबईत पाऊस, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं. एक विमान दोन तास लटकलं की त्यातल्या क्रूची ड्युटीची मर्यादा पुढच्या फेरीत संपते. ती फेरी कोणाला द्यायची, हे रात्री अडीच वाजता क्रू कंट्रोलच्या डेस्कवर बसलेला एक माणूस ठरवतो. त्याच्यासमोर स्टँडबायवरच्या लोकांची यादी असते. स्टँडबाय म्हणजे घरी, पण युनिफॉर्म इस्त्री करून, बॅग भरून, फोन कानाशी. ती धड ड्युटी नाही आणि धड सुट्टीही नाही. संध्याकाळी स्टँडबाय लागलेला माणूस झोपून राहू शकत नाही, आणि फोन आला तर रात्रभर जागावं लागतं. मी असे फोन पुष्कळ केले आहेत. पलीकडे ‘हो सर’ म्हणणारा आवाज झोपेतला आहे हे कळायचं, आणि त्याचे तास मात्र बरोबर असायचे.

आपल्या भागातल्या विमानतळांना याचा फटका जरा जास्त बसतो. चिकलठाण्यात क्रूचा तळ नाही. विमान आणि माणसं दोन्ही बाहेरून येतात. इथे येऊन क्रूची वेळ संपली तर बदली माणूस मुंबईत. समृद्धी महामार्गावरून गाडीत बसवून पाठवला तरी ते पाच-सहा तास त्याच्या ड्युटीतच मोजले जातात. मग विमान रद्द होतं, आणि टर्मिनलमध्ये कोणीतरी ओरडतं की पायलट उभा आहे समोर, उडवत का नाही. तो उडवत नाही कारण उडवायचं नाही असा नियम आहे, आणि त्या ओरडणाऱ्याच्याच भल्यासाठी आहे. अचानक अडचण आली तर कॅप्टन ठरावीक मर्यादेपर्यंत वेळ वाढवून घेऊ शकतो, पण तो अधिकार त्याचा. कंपनीने तो गृहीत धरायचा नसतो. धरला जातो, हेही खरं.

आता तुमच्या घरातलं, आणि हे जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलगी सुट्टीला परभणीला येते कशी? बहुधा देवगिरी एक्स्प्रेसने. शुक्रवारी दुपारी ३ ला ड्युटी संपली, रविवारी दुपारी ३ पर्यंत ४८ तास. शुक्रवारची रात्र गाडीत, शनिवारचा दिवस घरी, शनिवारची रात्र परतीच्या गाडीत, रविवारी दुपारी रिपोर्टिंग. नियमाने ज्या दोन रात्री तिला झोपायला दिल्या, त्या दोन्ही रात्री रेल्वेच्या बर्थवर गेल्या. कंपनीच्या नोंदीत ती ४८ तास विश्रांती घेऊन आलेली आहे.

ही गोष्ट किरकोळ नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं एक छोटं विमान पडलं, ५० जण गेले. मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया होती. पण फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिएटलहून, देशाच्या दुसऱ्या टोकाहून, विमानं बदलत कामावर आली होती, आणि कॅप्टनने रात्र क्रूच्या खोलीत काढली होती. दोघांची कामगिरी थकव्याने घसरली असावी, असं तपासात नोंदलं गेलं. त्यानंतर २०१४ पासून तिकडचे नियम बदलले. दुसरं उदाहरण इंडोनेशियाचं. २५ जानेवारी २०२४ ला बातिक एअरच्या विमानात दोघंही वैमानिक एकाच वेळी झोपले, २८ मिनिटं. १५३ प्रवासी मागे बसलेले. कॅप्टन सांगून, रीतसर डुलकी घेत होता. फर्स्ट ऑफिसरकडे महिन्याभराची जुळी बाळं होती, नुकतंच घर बदललं होतं. विमान सुखरूप उतरलं. पण बाळाच्या रडण्याची नोंद कुठल्या रोस्टरमध्ये होते?

म्हणून म्हणतो, एक दिवसाच्या भेटीसाठी तिला बोलावू नका. सुट्टीला रजा जोडून चार दिवस मिळाले तर यावं. जमलं तर मुंबईहून संभाजीनगरपर्यंत विमानाने, पुढे दिवसाउजेडी गाडीने. आली की पहिली रात्र तिची. पाहुणे, देवदर्शन, मावशीकडचं जेवण दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. निम्मी सुट्टी झोपण्यात जाते ती आळसाने नव्हे, मागची उधारी फिटत असते. आणि मुंबईत असताना दिवसा सहज म्हणून फोन करू नका. रोस्टर मागून घ्या, भिंतीवर लावा, त्यात बघून करा. आईला हे पटायला वेळ लागतो. आमच्या घरी दोन वर्षं लागली.

तिने स्वतः काय करावं, ते तिला प्रशिक्षणात शिकवलेलं असणार, तरी दोन गोष्टी. चहा-कॉफीचा निम्मा असर पाच तासांनीही अंगात राहतो, त्यामुळे पहाटेच्या ड्युटीआधी दुपारी ३ नंतर कॉफी नको. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने कधीच नाही, त्यासाठी विमान वाहतुकीचा डॉक्टर असतो. दुपारची छोटी झोप मात्र खरंच कामाची. नासाच्या प्रयोगात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना आळीपाळीने ४० मिनिटं आडवं होऊ दिलं, सरासरी २६ मिनिटं झोप लागली, आणि उतरतानाची सावधता स्पष्टपणे सुधारली.

राहिला नोकरीचा प्रश्न. ‘थकलेय, उडू शकत नाही’ असं कळवणं हा तिचा हक्क तर आहेच, पण त्याआधी ती तिची जबाबदारी आहे. अनफिट असताना विमानात बसणं हाच नियमभंग. कंपन्यांना अशा रिपोर्टांची माहिती दर तिमाहीला डीजीसीएला द्यावी लागते. आता प्रत्यक्षात काय होतं? चांगल्या ठिकाणी काहीच होत नाही, फार तर चौकशीचा फोन येतो. एका ठिकाणी मी वेगळंही पाहिलं आहे. रिपोर्ट केला की तो दिवस आजारपणाच्या रजेत टाकायचे आणि पुढच्या महिन्यात त्या माणसाला सगळ्या पहाटेच्या ड्युट्या. उघड शिक्षा कोणी करत नाही. शिवाय बऱ्याच कंपन्यांत ठरावीक तासांच्या वर उडलं तर तासाप्रमाणे जास्तीचे पैसे मिळतात, आणि डोक्यावर प्रशिक्षणाचं कर्ज असलेली तरुण मुलं त्यासाठी गप्प बसतात. तुमची लेक बोलली, मला ते चांगलं वाटलं.

तुम्ही मात्र कंपनीला फोन करू नका. आमच्या डेस्कवर आईवडिलांचे फोन यायचे, एकदा तर एका वडिलांनी मुलाच्या लग्नाची तारीख सांगून महिन्याचा रोस्टरच बदलायला सांगितला होता. फोन ठेवल्यावर ते त्या मुलाला वर्षभर ऐकावं लागलं.

तिने करायचं ते एवढंच की रिपोर्ट नीट भरायचा. ‘खूप थकले होते’ या वाक्याचा उपयोग नाही. मागच्या ७२ तासांत कधी झोपली, कधी उठली, किती तास मिळाले. कोणत्या ड्युट्या झाल्या, त्यांत शेवटच्या क्षणी काय बदललं. हॉटेलात आवाज असेल तर खोली कोणत्या बाजूला होती. उड्डाणात काय जाणवलं: रेडिओवरचा संदेश दोनदा ऐकावा लागला का, चेकलिस्टमधली ओळ सुटली का. असं लिहिलेलं असलं की शेड्युलिंगमधल्या माणसाला नेमकं पेअरिंग सापडतं, आणि तेच पेअरिंग करणाऱ्या आणखी तिघा-चौघांनी असंच लिहिलं असेल तर ते मोडावंच लागतं. मी मोडलेली आहेत. फक्त हा रिपोर्ट शक्य तो त्याच दिवशी भरावा. आठवड्याने लिहायला बसलं तर कोणत्या रात्री किती झोप झाली, ते अंदाजाने लिहिलं जातं, आणि पेअरिंग मोडायला अंदाज पुरत नाही.